शेवटचा शब्द कोणाचा?
लोकमान्यांच्या १९०८ च्या खटल्याच्या कागदांतून

२२ जुलै १९०८, बुधवार. मुंबई हायकोर्टाच्या सेंट्रल कोर्टात रात्री आठ वाजून तीन मिनिटांनी ज्यूरी विचार करायला उठली आणि नऊ वाजून वीस मिनिटांनी परत येऊन बसली. आरोपी दोषी, सात विरुद्ध दोन. न्यायमूर्ती दावर यांनी आरोपीला काही सांगायचे आहे का असे विचारले. तेव्हा बाळ गंगाधर टिळक जे बोलले ते आज त्याच दालनाबाहेर संगमरवरात कोरलेले आहे, आणि शाळेत गेलेल्या बहुतेक मराठी माणसांना ते पाठ आहे. ज्यूरीने काहीही म्हटले तरी मी निर्दोष आहे. माणसांच्या भाग्यावर हुकूमत चालवणाऱ्या वरिष्ठ शक्ती आहेत. मी कष्ट सोसावेत आणि त्यातून माझे कार्य वाढावे अशीच ईश्वरी इच्छा असेल, असा त्याचा आशय.

त्या उद्गारांचे तेज इतके आहे की त्याच्या अलीकडचे सारे अंधारात गेले. खटला म्हटला की आपण थेट त्या रात्रीवर येतो. पण अटकेपासून शिक्षेपर्यंतच्या चार आठवड्यांत कोर्टात काय काय झाले, कोणता अर्ज कोणी केला, त्यावर काय हुकूम झाला, कोण आधी बोलले आणि कोण शेवटी, हे सगळे कागदावर आहे. न. चिं. केळकरांनी त्याच वर्षी खटल्याचा सविस्तर इंग्रजी वृत्तांत छापून ठेवला. बॉम्बे लॉ रिपोर्टरच्या दहाव्या खंडात हुकूम आहेत. त्या वेळचा १८९८ चा फौजदारी प्रक्रिया कायदा आणि हायकोर्टाची १८६५ ची सनद, म्हणजे लेटर्स पेटंट, यांची कलमे समोर ठेवून हा वृत्तांत वाचला की चित्र वेगळे दिसू लागते. टिळकांचे लेख राजद्रोही होते की नव्हते हा वाद मी येथे उकरत नाही. मला पाहायचे आहे ते एवढेच की त्यांना न्याय्य रीतीने वागवले गेले का. कागद जे सांगतात ते अस्वस्थ करणारे आहे. कायद्याची एकही पायरी या खटल्यात वगळलेली नाही, आणि जवळपास प्रत्येक पायरीवर पारडे एकाच बाजूला झुकलेले आहे.

पार्श्वभूमी थोडक्यात. ३० एप्रिल १९०८ ला मुझफ्फरपूरला बाँब पडला आणि केनेडी मायलेकी मारल्या गेल्या. १२ मे च्या 'केसरी'त 'देशाचे दुर्दैव' हा अग्रलेख आला, ९ जूनला 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. बाँबचा निषेध करतानाच, ही वेळ सरकारच्या दडपशाहीने आणली असे दोन्ही लेखांचे म्हणणे होते. त्याच जूनमध्ये सरकारने स्फोटक पदार्थांचा आणि वृत्तपत्रांचा असे दोन कडक कायदे केले. 'काळ'कर्ते शिवरामपंत परांजपे यांच्यावर आधीच खटला भरला होता. त्यांच्या मदतीसाठी मुंबईत आलेल्या टिळकांना २४ जूनच्या संध्याकाळी सरदारगृहात अटक झाली. पुढे दुसऱ्या लेखाबद्दलही वेगळी फिर्याद दाखल झाली. 'केसरी' पुण्यात लिहिला जाई, पुण्यात छापला जाई. पण त्याचे अंक मुंबईत विकले जात, म्हणून खटला मुंबईत. या एका गोष्टीचा परिणाम पुढे कुठवर गेला ते पाहू.

पहिली पायरी जामिनाची. मॅजिस्ट्रेट ॲस्टन यांनी जामीन नाकारला, तेव्हा २ जुलैला हायकोर्टात अर्ज झाला. टिळकांच्या वतीने उभे राहिले बॅरिस्टर महमदअली जीना. आरोपीची प्रकृती, त्यांचा मधुमेह, बचावाची तयारी करायला लागणारी मोकळीक असे मुद्दे त्यांनी मांडले. न्यायमूर्ती दावर यांनी अर्ज फेटाळला आणि कारणे देण्याचे टाळले. खटला उभा राहायचा असताना कारणांची चर्चा केली तर त्याचा एका किंवा दुसऱ्या बाजूवर परिणाम होईल, असे त्यांचे म्हणणे.

हा हुकूम वाचताना अकरा वर्षांपूर्वीचा दुसरा हुकूम आठवल्याशिवाय राहत नाही. १८९७ मध्ये टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला, तेव्हाही मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला होता आणि हायकोर्टात पार्सन्स व रानडे यांच्यापुढेही तो मिळाला नव्हता. ४ ऑगस्ट १८९७ ला न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींपुढे पुन्हा अर्ज गेला आणि त्यांनी तो मंजूर केला. त्यांची कसोटी सरळ होती: जामिनावर सोडल्यास आरोपी खटल्याला हजर राहील की नाही? टिळकांसारखा माणूस पळून जाणार नाही, मग त्याला कोठडीत ठेवून बचावाची संधी का हिरावून घ्यायची? तय्यबजींपुढे हा अर्ज ज्या बॅरिस्टरांनी चालवला त्यांचे नाव दिनशा दावर. तेच आता न्यायासनावर होते.

यावरून दावर यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, आणि आपल्याकडे तसे पुष्कळदा झाले आहे. मला त्यात फारसे हशील वाटत नाही. वकील अशिलाची बाजू मांडतो आणि न्यायाधीश स्वतःच्या विवेकाने निर्णय देतो. दोन भूमिका वेगळ्याच असणार. मला खुपते ते कारणांचे मौन. ज्याला कोठडीत ठेवले जाते त्याला ते का, हे कळण्याचा हक्क आहे. कारण लिहिलेले नसले तर ते खोडून काढायचे कसे आणि वरच्या पायरीवर दाद मागायची ती कशाविरुद्ध? तय्यबजींचा हुकूम आजही तपासता येतो, पटतो किंवा पटत नाही. दावर यांच्या हुकमापाशी तपासणाऱ्याचे हात रिकामेच राहतात.

कोठडीचा परिणाम मात्र मोजता येतो. २४ जूनला अटक, १३ जुलैला खटला. एकोणीस दिवस. टिळकांनी आपला बचाव स्वतः चालवायचे ठरवले होते. त्यासाठी 'केसरी'च्या जुन्या फायली, अँग्लो-इंडियन पत्रांतले उतारे, इंग्लंडमधल्या राजद्रोहाच्या खटल्यांचे निकाल हे सारे हवे होते, आणि ते गोळा करून लावायचे होते डोंगरीच्या तुरुंगात बसून.

दुसरी पायरी ज्यूरीची. सरकारने अर्ज केला की खटला स्पेशल ज्यूरीपुढे चालावा. त्याला विरोध करायला उभे राहिले जोसेफ बॅप्टिस्टा, आपले काका बॅप्टिस्टा. हा विरोध केवळ शिष्टाचाराचा नव्हता. हायकोर्टातली ज्यूरी नऊ जणांची. स्पेशल ज्यूरीची यादी लहान, प्रतिष्ठितांची, आणि तीत युरोपियनांचा भरणा. त्या यादीतून चिठ्ठ्या काढल्या की बहुमत कोणाचे येणार हे कोणालाही सांगता आले असते. बॅप्टिस्टांचा मुख्य मुद्दा भाषेचा होता. लेख मराठीत आहेत, मराठी वाचकांसाठी लिहिलेले आहेत; त्यांचा त्या वाचकांवर काय परिणाम होईल हे ठरवायचे तर ठरवणाऱ्याला मराठी यायला हवी.

येथे फौजदारी प्रक्रिया कायद्याचे कलम २७५ उघडून पाहावे. सेशन्स कोर्टात ज्यूरीपुढे चालणाऱ्या खटल्यात, युरोपियन किंवा अमेरिकन नसलेल्या आरोपीने मागणी केली तर ज्यूरीत बहुसंख्य माणसे युरोपियन वा अमेरिकन नसलेली असली पाहिजेत, असे ते कलम सांगते. हा हक्क जिल्ह्याच्या सेशन्स कोर्टापुरता. हायकोर्टाला तो लागू नाही. म्हणजे मुंबईत अंक विकले गेले या आधारावर खटला मुंबईत आला, तो हायकोर्टाच्या सेशन्समध्ये चालला आणि कलम २७५ चे छत्र आपोआप डोक्यावरून गेले. यात बेकायदा काहीही नाही. वर्तमानपत्र जिथे पोचते तिथे गुन्हा घडला असे कायदा मानतच होता. पण खटला कोठे भरायचा याची निवड फिर्यादी पक्षाच्या हातात, आणि त्या निवडीबरोबर निकाल देणारी माणसेही बदलतात, हे सरकारी वकिलांना ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे.

अर्ज मंजूर झाला. १३ जुलैला ज्यूरी निवडली गेली तेव्हा नऊपैकी सात युरोपियन आणि दोन पारशी. ज्यूरर नाकारण्याची सोय कायद्यात होती, पण यादीच तशी असल्यावर एकाला नाकारून जागी येणारा दुसरा त्याच यादीतला. टिळकांनी नंतर आपल्या भाषणात या ज्यूरीला तोंडावर सांगितले की हे लेख तुमच्यासाठी लिहिलेले नव्हते, तुम्हाला ते मूळ भाषेत वाचता येत नाहीत, तुमच्या हातात आहे ते भाषांतर. ज्यांच्या हातात आपले आयुष्य आहे त्यांना एवढ्या स्पष्टपणे हे सांगायला धैर्य लागते.

आरोपांच्या जोडणीचा मुद्दा वकिली वाटेल, पण साधा आहे. दोन लेख, दोन फिर्यादी, राजद्रोहाचे कलम १२४-अ आणि वर्गावर्गांत शत्रुत्व वाढवण्याचे १५३-अ. एका वर्षातले एकाच प्रकारचे तीन गुन्हे एकत्र चालवता येतात असे कायदा म्हणत होता. टिळकांची हरकत अशी की हे एकाच प्रकारचे गुन्हे नाहीत. सरकारने एक आरोप सोडून दिला आणि तीन ठेवले: राजद्रोहाचे दोन, शत्रुत्वाचा एक. हरकत फेटाळली गेली. दोन लेख एकत्र वाचले की एकाची छाया दुसऱ्यावर पडते, आणि ज्यूरीला ते वेगळे ठेवणे अवघड जाते.

आता भाषांतराकडे येऊ. या खटल्याचा गाभा माझ्या मते इथेच आहे. मारलेले माणूस नाही, सापडलेले शस्त्र नाही, कट नाही. आहेत ते शब्द. आणि तेच शब्द ज्यूरीपर्यंत मूळ रूपात पोचले नाहीत. सरकारी भाषांतरकार साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आला, तेव्हा टिळकांनी त्याची उलटतपासणी घेतली. गीतेचा भाष्यकार व्हायचा होता तो माणूस, वेदांच्या काळावर ग्रंथ लिहिलेला संस्कृत पंडित, आपल्याच वाक्यांचे इंग्रजी एकेक शब्द घेऊन तपासत होता. वृत्तांतातली ही पाने मी पुन्हा पुन्हा वाचली आहेत. नाट्य त्यांत अजिबात नाही. एक शब्द, त्याचा अर्थ, दुसरा पर्याय, मूळ वाक्यातला संदर्भ, पुन्हा तोच शब्द.

'माथेफिरू' हा शब्द घ्या. ज्याचे डोके फिरले आहे, जो सारासार विचार सोडून काहीही करून बसेल, अशा माणसाला आपण माथेफिरू म्हणतो. बाँब टाकणाऱ्याला हा शब्द लावला की त्यात निषेध आपोआप आला. सरकारी भाषांतरात तो झाला 'टर्न-हेडेड'. इंग्रज वाचकाला या जोडशब्दातून काय कळणार? मराठीत जो शब्द लेखकाचा रोख सांगतो, तो इंग्रजीत गेल्यावर नुसता विचित्र दिसतो, आणि त्याच्यातला निषेध गळून पडतो.

'जुलमी'ची गोष्ट उलट आहे. इंग्रजीत राज्यकारभाराच्या कठोरपणाला अनेक शब्द आहेत: डेस्पॉटिक, ऑप्रेसिव्ह, टिरॅनिकल. प्रत्येकाची धार वेगळी, प्रत्येकाचा इतिहास वेगळा. मराठीत बोलताना आपण 'जुलमी' एवढेच म्हणतो; शेतसाऱ्याची सक्तीही जुलूम आणि मोठ्या भावाने काम लावले तरी जुलूम. भाषांतर करणाऱ्याने या शब्दाला सर्वांत जहाल इंग्रजी पर्याय दिला की लेखाचे तापमान तिथेच वाढते. टिळकांचे म्हणणे असे की राजकारणाच्या नव्या कल्पनांना मराठीत अजून शब्द घडत आहेत, ते घडवण्याचे काम आम्हा वर्तमानपत्रवाल्यांवर आले आहे, आणि त्या अर्धवट घडलेल्या शब्दांना पूर्ण घडलेल्या इंग्रजी शब्दांनी तोलले तर अन्याय होतो. मराठी भाषेच्या वाढीबद्दल इतके नेमके विधान कोर्टात, आरोपीच्या तोंडून, क्वचितच झाले असेल.

९ जूनच्या लेखात बाँबचे वर्णन करताना 'जादू', 'तोडगा' असे शब्द आले होते. बाँब बनवायला कारखाना लागत नाही, ज्ञान लागते, म्हणून केवळ कायद्याने तो थांबणार नाही, असा युक्तिवाद होता. इंग्रजीत यांचे झाले चेटूक, मंतरलेला ताईत. मराठी वाचकाला तोडगा म्हणजे अडचणीवरचा सोपा उपाय, घरगुती, आजीबाईच्या बटव्यातला. इंग्रज ज्यूररपुढे आली ती बाँबची पूजा. दोन्ही अर्थ शब्दकोशातून काढता येतात. फरक पडतो तो कानाला. आणि कान असलेला एकही माणूस ज्यूरीत नव्हता. भाषांतरकाराने मुद्दाम खोटेपणा केला असे टिळकांनीही सिद्ध केलेले नाही आणि मीही म्हणत नाही. प्रश्न असा की जेथे सारा गुन्हा शब्दांच्या छटेत आहे, तेथे छटा जाणणारा कोणीही निर्णायकांत नसताना निर्णय व्हावा का? समोरच्याची बाजू ऐकून घेणे हा नैसर्गिक न्यायाचा पहिला नियम. ऐकणे म्हणजे समजणे असा अर्थ त्यात गृहीतच आहे.

एका पोस्टकार्डाचाही उल्लेख केला पाहिजे. २५ जूनला पुण्याच्या घराची, छापखान्याची आणि सिंहगडावरच्या बंगल्याचीही झडती झाली, तीत एक कार्ड मिळाले. त्यावर स्फोटक पदार्थांवरच्या दोन पुस्तकांची नावे होती. नव्या स्फोटक कायद्यावर टीका लिहायची, त्यातल्या व्याख्या तपासायच्या, म्हणून ही नावे टिपली असा खुलासा टिळकांनी दिला. कार्ड पुराव्यात आले. लेखांचा अर्थ ठरवायला त्याचा काहीच उपयोग नव्हता. पण बाँबच्या बातम्यांनी भरलेल्या त्या दिवसांत ज्यूरीच्या मनात ते कार्ड काय करत असेल हे वेगळे सांगायला नको. आरोपीला आपल्या भाषणाचा काही वेळ त्यावर खर्च करावा लागला.

१५ जुलैला टिळकांनी ज्यूरीपुढे भाषण सुरू केले आणि २२ जुलैला संपवले. एकूण एकवीस तास दहा मिनिटे. न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना थांबवले नाही. हे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. आरोपीला आपले म्हणणे पूर्ण मांडू देण्यात त्यांनी कसूर केली नाही. पण भाषणाच्या लांबीइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे ते कोणत्या क्रमाने आले.

त्या काळच्या कायद्याने आरोपीला शपथेवर साक्ष देता येत नसे. स्वतःच्या खटल्यात तो साक्षीदार होऊ शकत नव्हता. फार तर निवेदन करू शके. टिळकांनी लेखी निवेदन दिले आणि त्याबरोबर वर्तमानपत्रांचे अंक आणि उतारे कोर्टात दाखल केले. आपण जे लिहिले ते एका चालू असलेल्या वादाचा भाग होते, अँग्लो-इंडियन पत्रे काय लिहीत होती आणि त्याला उत्तर म्हणून आपण काय लिहिले, हे दाखवायला ते कागद आवश्यकच होते. पण कायदा असा होता की आरोपीने कोणताही पुरावा दाखल केला तर सरकारी वकिलाला उत्तराचा, म्हणजे शेवटच्या भाषणाचा, हक्क मिळतो. पुरावा दिला नाही तर शेवटचा शब्द आरोपीचा. म्हणजे टिळकांपुढे पेच असा: संदर्भाशिवाय बोला आणि शेवटी बोला, किंवा संदर्भ द्या आणि शेवटचा शब्द सोडा. त्यांनी संदर्भ निवडला. ॲक्टिंग ॲडव्होकेट जनरल ब्रॅन्सन यांनी उत्तराचा हक्क मागितला आणि तो त्यांना मिळाला.

त्यामुळे शेवटच्या दिवसाचा क्रम असा झाला. टिळकांचे भाषण संपले. ब्रॅन्सन यांचे उत्तर झाले. मग न्यायमूर्तींनी ज्यूरीला कायदा समजावून दिला आणि पुराव्याचे समालोचन केले. आरोपीचे सहा दिवसांचे म्हणणे आणि ज्यूरीचा निर्णय यांच्यामध्ये दोन भाषणे आली, एक फिर्यादीचे आणि एक न्यायासनाचे, आणि त्यांपैकी कोणालाही उत्तर देण्याची संधी टिळकांना नव्हती. हे सारे त्या एकाच दिवसात उरकायचे ठरले आणि कोर्ट रात्रीपर्यंत चालले. उद्या सकाळी ताज्या डोक्याने ज्यूरीला पाठवले असते तर सरकारचे काय बिघडले असते? आठ दिवस चाललेल्या खटल्याला नववा दिवस जड नव्हता. एका माणसाच्या सहा वर्षांचा निर्णय सव्वा तासात, रात्रीच्या वेळी, दिवसभराच्या भाषणांनी थकलेल्या माणसांनी घेतला.

सात विरुद्ध दोन. मते कोणी कोणती दिली हे कोर्टापुढे आले नाही. आला तो आकडा. सात युरोपियन आणि दोन पारशी हे प्रमाण आणि सात-दोन हा निकाल यांची सांगड तेव्हापासून आजवर सगळ्यांनी घातली आहे. १८९७ च्या खटल्यात सहा युरोपियन, तीन हिंदी, आणि निकाल सहा विरुद्ध तीन. ही जुळणी योगायोगाची असण्याचा संभव फार थोडा आहे. इंग्लंडमध्ये त्या काळी ज्यूरीचा निर्णय एकमताने व्हावा लागे; तो नियम इथे असता तर दोन जण निर्दोष म्हणाल्यावर शिक्षाच झाली नसती. हिंदुस्थानातल्या हायकोर्टात नवांपैकी सहा आणि न्यायाधीश एकमताचे असले की पुरे. दावर यांनी बहुमताशी सहमती दर्शवली, राजद्रोहाच्या दोन आरोपांवर तीन-तीन वर्षे काळे पाणी, एकामागून एक भोगायची, आणि तिसऱ्या आरोपावर हजार रुपये दंड. शिक्षा सुनावताना त्यांनी टिळकांच्या लेखणीबद्दल अतिशय कडवट शब्द वापरले. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, टिळकांचा बावन्नावा वाढदिवस होता. मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या. कामगारांनी सहा वर्षांसाठी सहा दिवस संप केला.

आता अपिलाकडे. हायकोर्टाच्या सेशन्समध्ये ज्यूरीपुढे झालेल्या खटल्यावर अपील नव्हते. लेटर्स पेटंटच्या २६ व्या कलमात एक अरुंद दार होते: न्यायाधीशाकडून कायद्याच्या मुद्द्यावर चूक झाली असे ॲडव्होकेट जनरलने प्रमाणपत्र दिले तर हायकोर्ट तो मुद्दा तपासू शके. ॲडव्होकेट जनरल म्हणजे कोण? ज्याने आरोपीविरुद्ध खटला चालवला तोच. माझ्या बाजूने निकाल देताना न्यायाधीश चुकले, असे फिर्यादीच्या वकिलाने लिहून द्यायचे. स्वतःच्या प्रकरणात कोणीही न्यायाधीश असू नये, हा नैसर्गिक न्यायाचा दुसरा नियम. त्याचा इतका सरळ भंग सनदेच्या छापील कलमात बसलेला पाहिला की थांबावे लागते.

उरला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलचा मार्ग. त्यासाठी आधी हायकोर्टाकडे परवानगी मागितली गेली. सप्टेंबर १९०८ मध्ये सरन्यायाधीश बेसिल स्कॉट आणि न्यायमूर्ती बॅचलर यांनी ती नाकारली. प्रिव्ही कौन्सिलनेही दाद दिली नाही. १८९७ मध्येही असेच झाले होते, आणि तेव्हा लंडनमध्ये टिळकांची बाजू मांडली होती पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेल्या ॲस्क्विथ यांनी. या दारात एक वाक्य पहाऱ्याला उभे होते. १८८७ मध्ये ब्रिटिश होंडुरासमधल्या डिलेट नावाच्या वकिलाची शिक्षा रद्द करताना प्रिव्ही कौन्सिलने तत्त्व घालून दिले: फौजदारी प्रकरणात आम्ही हात घालू ते कायद्याच्या रीतीची पायमल्ली झाली असेल किंवा नैसर्गिक न्यायाच्या तत्त्वांचा भंग होऊन गंभीर अन्याय झाला असेल तरच. तत्त्व उदार आहे. पण त्या कसोटीवर टिळकांचा खटला टिकला, कारण रीत पाळली गेलेली होती. यादी कायद्याची, ज्यूरी कायद्याची, बहुमत कायद्याचे, शेवटचे भाषण कायद्याचे. प्रत्येक नियमाला कलम होते. सगळी कलमे मिळून काय झाले, हे विचारायला कोणी बसलेले नव्हते.

या खटल्यावर 'मराठा'त टीका केल्याबद्दल केळकरांवर हायकोर्टाच्या बेअदबीचा खटला झाला आणि त्यांना चौदा दिवसांची कैद व हजार रुपये दंड झाला. ज्याने खटल्याचा वृत्तांत आपल्यासाठी जपून ठेवला, त्याला टीकेची किंमत मोजावी लागली.

शिक्षा भोगून टिळक मंडालेच्या तुरुंगातून जून १९१४ मध्ये परतले. दोन वर्षांनी, २३ जुलै १९१६ ला, त्यांच्या साठाव्या वाढदिवशी, बेळगाव आणि अहमदनगरच्या होमरूलवरच्या भाषणांबद्दल चांगल्या वर्तणुकीचा जामीन का घेऊ नये अशी नोटीस आली. पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. हे प्रकरण हायकोर्टात गेले तेव्हा टिळकांच्या बाजूने पुन्हा जीना उभे राहिले. या वेळी ज्यूरी नव्हती. न्यायपीठावर होते न्यायमूर्ती लल्लूभाई शहा, आणि १९०८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलची वाट बंद करणारे तेच बॅचलर. भाषण तुकड्यांत न तोडता संपूर्ण वाचले पाहिजे, मोकळ्या आणि समतोल मनाने वाचले पाहिजे, एखाद्या सुट्या वाक्याला अवाजवी वजन देता कामा नये, असे बॅचलर यांनी लिहिले, आणि ते का, याची कारणेही लिहिली. ९ नोव्हेंबर १९१६ ला मॅजिस्ट्रेटचा हुकूम रद्द झाला.